केतकीताईची क्रियापदं

आमची मुलगी पालथी पडायला लागली, तरी तिला नाव नव्हतं. शेजारच्या खैरनारकाकू तिला चिमी म्हणायच्या, अद्वैत 'मॅडम' म्हणायचा, सासूबाई बाळ्या म्हणायच्या, आणि लसीच्या कार्डावर ती नुसती 'बेबी ऑफ ईश्वरी' होती. बारसं थांबलं होतं. नाव केतकीताईच्या डोक्यात होतं आणि तिथून बाहेर पडायची वाट त्याला सापडत नव्हती.

केतकीताई म्हणजे माझी नणंद, अद्वैतची मोठी बहीण. दिंडोरीच्या वायनरीत दुभाषी होती. इटलीहून द्राक्षं पिळायची यंत्रं यायची, त्यांच्याबरोबर माणसं यायची आणि त्यांचं म्हणणं आमच्याकडच्या फिटरला आणि फिटरचं म्हणणं त्यांना ती सांगायची. सगळ्यांच्या कानात आपोआप भाषांतर करणारी बोंडं आली, तरी वायनरीने ताईला सोडलं नाही. बोंडं शब्द सांगतात, शिव्या मवाळ करून ताईच सांगते, असं तिचा साहेब म्हणायचा.

मला दिवस गेले तेव्हाच तिने जाहीर केलं होतं, "नाव आत्या ठेवणार. माझा हक्क आहे. ठरवलंयसुद्धा."

"सांगा तरी," मी म्हटलं.

"बारशाला. पाळण्यात. आधी बाळाच्या कानात, मग तुम्हाला."

"मी काही सुचवू का? छोटंसं, दोन अक्षरी..."

"दोन अक्षरांचं नाव म्हणजे काय नाव? शिंक आल्यासारखं!"

मी तोंड फुगवून बसले. नणंद-भावजयीचं आमचं हे असं, रोजचं. मग माझ्या सातव्या महिन्यात एका सकाळी ताई चहाचा कप उचलायला गेली आणि उजवा हात उठलाच नाही. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. दवाखान्यात वेळेत नेलं, जीव वाचला, पाय चालू लागले, हातही हळूहळू वळायला लागला. बोलणं मात्र निम्मं गेलं. निम्मं म्हणजे अगदी विचित्र निम्मं. "चहा" म्हणायची, "आई" म्हणायची, "पंखा" म्हणायची. पण चहा हवा, आई आली, पंखा लाव, यातलं काही नाही. रोजच्या झिजलेल्या वस्तू तेवढ्या उरल्या आणि क्रियापदं सगळी पळाली. मग कधीच तोंडातून न उमटलेलं एखादं नाव कुठून येणार?

अद्वैतने नावांच्या याद्या वाचून दाखवल्या. "यातलं आहे का ताई? नुसती मान हलव." तिने डाव्या हाताने त्याच्या तोंडावर पंजा ठेवला. तिला ते कुणाच्या तोंडून नको होतं. ती स्वतःच सांगणार होती. मग आम्ही थांबलो.

बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत तस्नीम इनामदार आमच्या घरी आली. ती वाचाउपचार करायची, वयाने माझ्याएवढीच, तोंडाने आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला झापलं.

"ताई अडखळल्या की तुम्ही तिघं काय करता?"

"मदत करतो," सासूबाई म्हणाल्या.

"काय मदत?"

"शब्द देतो ना. ती 'दार' म्हणाली की मी म्हणते उघडू, हा म्हणतो लावू, ही म्हणते कोण आलंय..."

"म्हणजे त्या एका शब्दावर तुम्ही तिघं तुटून पडता. बंद. आजपासून कुणी शब्द पुरवायचा नाही. तोंडात पोळी कोंबा हवं तर."

आमच्या घरात हे फार अवघड होतं. कुणाचंच वाक्य त्याचं त्याला पूर्ण करू न देणं ही आमच्याकडची माया आहे.

तस्नीमने आणलेल्या यंत्राचं नाव बात्तितो. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ठोका. उत्तर इटलीतल्या एका प्रयोगशाळेत ते तयार झालं होतं आणि भारतात निवडक रुग्णांवर त्याची चाचणी चालू होती. ताईला इटालियन येतं हे कळल्यावर तस्नीमने तिचं नाव पहिलं घातलं.

त्यामागचं शास्त्र तिने मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. आपल्याला वाटतं, शब्द तोंडात अखंड येतो. तसं नसतं. मेंदू आधी शब्दाचा सांगाडा पाठवतो. तुकडे किती आणि त्यातल्या कुठल्या तुकड्यावर जोर, एवढंच. मग त्या सांगाड्यात आवाज भरले जातात. आधी ताटात वाट्या मांडायच्या आणि मग वाढायचं, तसं. ताईचं स्वयंपाकघर शाबूत होतं, आमटीही होती, भाजीही होती. वाट्या मांडणारं माणूस तेवढं गेलं होतं. बात्तितो ते काम करायचं. गळ्याला चिकटवलेली पातळ पट्टी स्नायूंची बारीक थरथर वाचून ओळखायची की माणूस कुठल्या शब्दाकडे निघालाय, आणि मनगटावरचा पट्टा त्या शब्दाचा सांगाडा कातडीवर वाजवायचा. हलके ठोके आणि त्यात एक जोराचा.

"आणि इटालियनच का?" मी विचारलं.

"त्या भाषेत जोर स्पष्ट आहे म्हणून. बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. पण क्रियापदं वात्रट. जोर जागा बदलतो." तिने कणकेच्या हाताने पोळपाटावर वाजवून दाखवलं. "मी बोलतो, पार्-लो. पहिला ठोका मोठा. तो बोलला, पार्-लो, तेच तुकडे, पण मोठा ठोका शेवटी. आपण बोलतो, पार्-ल्या-मो, मधे. ते बोलतात, पार्-ला-नो, पुन्हा पहिल्यावर उडी. आणि ते फोन करतात, ते-ले-फो-ना-नो. 'ले'वर एकदाच जोर, मग पुढचे तिघं उतारावरून घरंगळत जातात. सांगाडा इतका ठळक असला की यंत्राला पकडता येतो. इतर कुठल्या भाषेत ते अजून नीट चालत नाही."

ताईच्या मनगटावर पट्टा बांधला. तस्नीमने तिच्यासमोर माझ्या मुलीला धरलं. मुलगी नेमकी भोकाड पसरून रडत होती. ताईने तोंड उघडलं. गळ्याची पट्टी हिरवी झाली. मनगटावर एक मोठा ठोका, एक लहान.

"प्यांजे," ताई म्हणाली. रडतेय.

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला होता, शब्द पुरवू नये म्हणून. तो काढून त्या म्हणाल्या, "काय म्हणाली? काय म्हणाली गं?"

"रडतेय म्हणाल्या," तस्नीम म्हणाली, आणि तीच रडायला लागली.

त्यानंतर आमच्या घरात इटालियन शिरलं ते सगळ्या खोल्यांतून. दोर्मे, झोपलीय. मांजा, खातेय. व्येनी, ये. दर आठवड्याला ताईची वाक्यं लांबत गेली, आणि एक वेगळीच अडचण झाली. ताई बोलत होती आणि घरात कुणाला कळत नव्हतं. कानातली भाषांतराची बोंडं आणली, तर ती तुटक, अडखळत्या बोलण्याला 'आवाज अस्पष्ट' म्हणून गप्प बसायची. शेवटी मी शिकायला लागले. बाळ अंगावर पीत असायचं, दुसऱ्या हातात फोन, आणि ताई समोर बसून माझे ठोके दुरुस्त करायची. मी 'ते खातात'साठी मांजानो म्हणताना 'जा'वर जोर दिला, की ती कपाळावर हात मारायची आणि पहिल्या तुकड्यावर टेबल बडवायची. मान्-जा-नो! इतकी वर्षं एकमेकींना टोमणे मारणाऱ्या आम्ही दोघी, आणि आता घरात ताईचं बोलणं कळणारी मी एकटीच होते.

अद्वैतला ते लागलं. एकदा जेवताना त्याने ताट सारलं.

"माझी बहीण आहे ती. आणि तिचं म्हणणं मला बायकोकडून भाषांतर करून घ्यावं लागतंय."

"मग तूही शीक," मी म्हटलं.

"मला शिकायचं नाहीये. मला ती 'अद्या, गाढवा' म्हणालेलं ऐकायचंय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, गळ्यावरची पट्टी पिवळी झाली, आणि काही आलं नाही. मग ती म्हणाली, "आसिनो." गाढव. पण इटलीतलं. ते ऐकून तो हसलाही नाही.

थोड्या दिवसांनी तस्नीम गंभीर होऊन आली. इटलीच्या चाचणीकर्त्यांचा सल्ला आला होता. ताईची प्रगती उत्तम आहे. मेंदू वळायला तयार असतो तो काळ थोडा असतो, आणि तो चालू आहे. या काळात सगळा सराव एकाच भाषेत केला, तर इटालियन पक्कं बसेल. मधेच मराठीचा घाट घातला, तर मराठी येईल याची खात्री नाही, आणि आलेलं इटालियनही ढासळू शकतं.

"इटालियन तर इटालियन," सासूबाई म्हणाल्या. "बोलते तर आहे. मी शिकेन या वयात."

"आई, ती बाळाचं नाव इटालियनमध्ये ठेवणार आहे का?" अद्वैत म्हणाला.

"अरे, नावापेक्षा माणूस मोठं."

दोघांचा आवाज चढत गेला. ताई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्याबद्दलच चाललेल्या भांडणात तिला एक शब्द टाकता येत नव्हता. मला ते बघवेना. मी तिच्यासमोर खाली बसले आणि माझ्या मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, ताई, तुम्हाला काय हवंय? हे आलंय ते जाऊही शकतं. कळतंय ना?

तिने पाळण्याकडे पाहिलं. मग पट्ट्यावर तीन ठोके वाजले, मधला मोठा.

"प्रोव्यामो."

"काय म्हणतेय?" अद्वैत.

"करून बघू, म्हणतायत. आपण सगळे."

पुढचे दिवस वाईट गेले. यंत्रात मराठी घातली होती, पण ती कोशावरून, घाईने. 'बसते' म्हणायला निघालं की पट्टा सपाट वाजायचा, टक टक टक, भिंतीवर खिळे ठोकल्यासारखा. कुठे जोरच नाही. आपल्या भाषेत कुठल्या एका तुकड्यावर ठोसा मारायची पद्धत नाही, यंत्र मात्र ठोसाच शोधत होतं. ताईचा चेहरा लाल व्हायचा. तोंडातून "ब... ब..." एवढंच. आणि ज्याची भीती घातली होती तेच झालं. एका सकाळी ती इटालियनमध्ये पाणी मागायला गेली आणि 'दे' सापडेना. आदल्या आठवड्यात सहज येणारा शब्द.

तस्नीम म्हणाली, "अजून थोडे दिवस. मग थांबवू. नाहीतर दोन्हीकडून जाईल."

'प्रोव्यामो'चा अर्थ मीच घरात सांगितला होता.

त्या दुपारी बाळाचं पोट दुखत होतं. मी तिला मांडीवर पालथी घेऊन थोपटत होते आणि तोंडाने आपलं चाललं होतं, झोपली गं झोपली, शहाणी बाई झोपली. शेजारी ताई बसली होती, भिंतीला टेकून, मनगटावरचा पट्टा काढून. तिची नजर माझ्या हातावर होती. टक लावून. म्हणून मीही बघितलं.

माझा हात ठोके देतच नव्हता. 'झोप'वर तो पाठीवर पडायचा आणि तिथेच राहायचा, दाबून. 'ली'वर पुन्हा पडायचा आणि रेंगाळायचा. 'बाई'च्या 'बा'वर तर तो बाळाच्या पाठीवर जवळजवळ विसावायचा. जोर सगळीकडे सारखाच, फरक होता तो थांबण्याचा. लघू असेल तिथे नुसता स्पर्श, गुरू असेल तिथे मुक्काम. शाळेत वृत्तं पाठ करताना जे कधी डोक्यात शिरलं नाही, ते माझ्या तळव्याला आधीपासून माहीत होतं. बहुतेक इथल्या प्रत्येक आईच्या तळव्याला असतं.

मी बाळाला गादीवर ठेवलं आणि ताईच्या मागे जाऊन बसले. तिच्या दोन खांद्यांच्या मधे हात ठेवला. दाबला, थांबले. सोडला. पुन्हा दाबला, थांबले. तोंड घट्ट मिटून. शब्द पुरवायचा नाही, काही पुरवायचं नाही.

मी पुन्हा तेच केलं.

"झोप... ली," ताई म्हणाली.

गादीवरचं बाळ टक्क जागं होतं आणि पाय झाडत होतं. ताईने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत जुना, मला चांगला माहीत असलेला तिरकसपणा उतरला. माझा हात तिने स्वतः मागे ओढून पाठीवर ठेवला आणि मान आडवी हलवून आणखी थोपटणं मागितलं. 'नाही'साठी. मी थोपटलं.

"झोपली नाही."

मी तस्नीमला फोन केला तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं, आता माझीच क्रियापदं पळाली होती. ती तशीच स्कूटरवर आली. यंत्रात सोबतच्या माणसासाठी एक सोय होती, आपण फोनच्या पडद्यावर हाताने जसं दाबू तसं पट्टा वाजवायचा. ती इटलीवाल्यांनी फक्त सरावासाठी ठेवली होती. मी बाळाला थोपटावं तसा पडदा थोपटला, एकेक क्रियापद, बसते, उठले, आणलं, देशील, चालव. तस्नीमने पट्टा मनगटावरून काढून पाठीवर चिकटवला. सासूबाईंनीही पडदा थोपटला. खैरनारकाकूंनी तर त्यांच्या चार नातवंडांच्या अनुभवावर इतका थोपटला की फोन गरम झाला. हे सगळे मुक्काम तस्नीमने इटलीला पाठवले. तिकडून उत्तर आलं की ठोक्याऐवजी दाब, आणि दाबाची लांबी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता साताऱ्यात एक निवृत्त कंडक्टर आणि परभणीत एक शिक्षिका आमच्या घरच्या थोपटण्यावर बोलतात, असं तस्नीम सांगते. आणि इटालियन? ते ढासळलं नाही. मराठी यायला लागली तसं तेही परतलं, दाराबाहेर उभ्या पाहुण्यासारखं, आत या म्हणायचीच खोटी.

बारशाचा दिवस ताईनेच ठरवला. "रविवार. करू." एवढंच म्हणाली. वाक्यं अजून आखूड होती, दमवणारी. आणि नाव यंत्रात नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं तर घालणार कोण? ताईने सांगायला साफ नकार दिला. म्हणजे पाळण्याशी ती एकटी असणार होती.

रविवारी घर भरलं. घुगऱ्यांचा वास, पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली पाटावर ताई, जांभळी पैठणी नेसलेली. पाळण्यात आमची नाव नसलेली बाई मूठ चोखत होती. बायका भोवती जमल्या. आत्या कानात नाव सांगायला वाकली की कुर्रर्र करायचं आणि तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालायचे, ही रीत. लग्नात करवलीची चेष्टा होते, बारशाला आत्याची पाठ शेकून निघते.

ताई वाकली.

कुणी कुर्र केलं नाही. हात कुणाचा उठला नाही. सगळ्या बायका चेहरे कोवळे करून उभ्या होत्या, एकीने तर डोळे पुसायला सुरुवात केली. आजारी आहे बिचारी, तिला कशाला मारायचं. खोलीत इतकं शांत झालं की पाळण्याची कडी करकरलेली ऐकू आली. ताईचे ओठ बाळाच्या कानाशी होते आणि हलत नव्हते. गळ्यावरची पट्टी पिवळी. मी पलीकडे उभी होते. मला वाटलं, गेलं. इतक्या जणींच्या दयेपुढे कुणाच्या तोंडून काय निघणार?

ताईने मान वर केली. सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. ती चिडली होती. खरी, पूर्वीची, फिटरला आणि इटालियनला एकाच वेळी गप्प करणारी चीड. पाठीकडे हात नेऊन तिने चिकटवलेला पट्टा ओढून काढला आणि माझ्या ओंजळीत टाकला.

"मारा!" ती म्हणाली. "मारा की!"

क्षणभर कुणाला कळेना. मग खैरनारकाकूंनी पहिला गुद्दा घातला. तस्नीमने दुसरा. मग काय, कुर्रर्रचा एकच गलका उठला आणि ताईच्या पाठीवर हातांचा पाऊस पडला. त्यात ताल नव्हता, लघू-गुरू नव्हतं, काही नव्हतं. त्या गदारोळात ती वाकली, बाळाच्या कानाला ओठ लावले, आणि मला दिसलं की ते हलतायत. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. बाळाने मूठ तोंडातून काढली.

ताई उठून उभी राहिली. घामाने थबथबलेली.

"गोदावरी," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिला मिठीच मारली. अद्वैत भिंतीकडे तोंड करून उभा होता. बायका अजून गुद्दे घालत होत्या, त्यांना थांबायचं भान नव्हतं. तशी ताई गर्रकन वळली.

"बास ना गं! पाठ मोडताय का माझी?"

कुणीही न पुरवलेलं, अख्खं वाक्य. खोली हसली, रडली, काय काय केलं तिने. मी माझ्या मुलीला पाळण्यातून उचलून घेतलं आणि तिच्या कानात तिचं नाव म्हणून बघितलं. लांब होतं. जुनं होतं. सुंदर होतं.

अद्वैत डोळे पुसत जवळ आला. "ताई, एवढं मोठं नाव. घरात नुसतं गोदी म्हटलं तर?"

"गोदी?" ताईने कंबरेवर हात ठेवला, उजवा. "अद्या, गाढवा! चार अक्षरं आहेत, चारही म्हणायची. मी म्हणतेय, तुला काय धाड भरलीय?"